शेवटी ठेवलेलं कलम

आबा कुठेही गेले तरी आधी खुर्च्या बघायचे. लग्नाचा मांडव असो, दवाखाना असो, नाहीतर ग्रामपंचायतीची सभा. सगळे नवरानवरीकडे बघत असताना हा माणूस मांडवभर एक चक्कर मारून येणार आणि यजमानाला कोपऱ्यात गाठून विचारणार, "गाडीचा डायवर कुटं बसलाय? वाजंत्र्यांना खुर्च्या हायेत का?" यजमान बिचारा आधीच घामाघूम झालेला. तो काहीतरी बोलून सटकायचा, मग आबा स्वतः दोन खुर्च्या उचलून वाजंत्र्यांपाशी नेऊन ठेवायचे. वाजंत्री उभ्यानेच वाजवतात हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. "बसायचं का न्हाई ते त्ये ठरवत्याल," म्हणायचे, "पर बैठकीला बसायच्या आदी कुणाची खुर्ची न्हाई त्ये बगायचं. निम्मं भांडण तितंच असतंय."

कुरवंड्यात त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत मी भाड्याने राहत होते. लोणावळ्याच्या एका शाळेत इतिहास शिकवायचे, म्हणून ते मला 'बाई' म्हणायचे आणि मी त्यांना लेकीसारखी असूनही अहोजाहो करायचे. मी त्यांना आबा म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला मावशी. हे नातं कुठल्याही हिशेबाने जुळत नाही हे मला कळत होतं, पण दोघांनी कधी हरकत घेतली नाही.

आबांचं सगळं आयुष्य देहूरोडच्या पुढे एका कारखान्यात गेलं. तिथे ते युनियनचे पुढारी होते. त्यांनी घोषणा फारशा दिल्या नसाव्यात, कारण आवाज मुळातच बारीक. पण मालकाशी बोलणी करायची वेळ आली की यांनाच पुढे करायचे. निवृत्त झाल्यावर बोलणी करायला मालक उरला नाही, मग त्यांनी उरलेल्या जगाशी बोलणी सुरू केली. अंगणातल्या पेरूवरून त्यांनी माकडांशी करार केला होता. वरच्या फांद्या माकडांच्या, खालच्या आपल्या. माकडं तो पाळत नसत, आबा पाळायचे. वरच्या फांदीवरचा पिकलेला पेरू वाकून हाताशी आला तरी स्वतः तोडत नसत आणि मला तोडू देत नसत. नागफणीचा सुळका चढायला आलेली शहरातली मुलं अंगणात बिनदिक्कत गाड्या लावायची. आबा त्यांना हाकलायचे नाहीत, बसवायचे. आधी पाणी, मग चहा, मग अटी. चहा नेहमी समोरच्यांना आधी, स्वतःला सगळ्यात शेवटी. "पुढच्या पार्टीच्या पोटात गरम गेलं की तिला तोंडावर न्हाई म्हणाया जड जातं," हे त्यांचं शास्त्र. आलेली मुलं चहा पिऊन, आपला कचरा आपण परत नेण्याचं कबूल करून, थोडी भांबावलेली अशी डोंगर चढायला निघायची.

आणि ठरलेलं मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय ते कशालाच मान्यता देत नसत. मी राहायला आले त्या दिवशी भाड्याचा कागद त्यांनी मला वाचायला लावला. त्यांना वाचता येत नव्हतं असं नाही, चष्मा खिशातच होता. पण डोळे मिटून, मान थोडी तिरकी करून ते ऐकत राहिले. "लिवल्यालं डोळ्याला फशिवतं, बाई. कानाला न्हाई फशिवत."

त्याच दिवशी त्यांचा सगळ्यात मोठा डावही मी पाहिला. पाण्याची मोटर कधी लावायची यावर त्यांनी माझ्याशी अर्धी दुपार हुज्जत घातली. कपडे कुठल्या दोरीवर, चपला कुठल्या पायरीवर, पाहुणे आले तर अंगण कोण झाडणार. मी इतकी कंटाळले की दुसरी जागा बघावी असं मनात आलं. आणि मी पिशवी उचलतेय असं बघून ते हळूच म्हणाले, "आन एक. सांजचं मावशीपाशी घटकाभर बसत जावा. बोलला न्हाईत तरी चालंल." मी थकव्यानेच हो म्हटलं. नंतर त्यांनीच मला समजावून सांगितलं. जे जिवाचं असेल ते शेवटी ठेवायचं. दिवसभर बारीकसारीक गोष्टींवर भांडायचं, साहेब दमतो, त्याला घरी जायची घाई होते, तेव्हा काढायचं. सगळ्या करारांत त्यांनी हेच केलं होतं.

मावशीपाशी बसायचं कारण संदीप. त्यांचा एकुलता एक मुलगा. लोणावळ्याच्या एका हॉटेलात स्वयंपाकघरात होता. तिथे त्याला कोणी एजंट भेटला, परदेशात स्वयंपाक्याची चांगली नोकरी आहे म्हणाला, आणि हा गेला. गेल्यावर कळलं की ज्या कँटीनमध्ये आपण शिजवतोय ती फौजेची आहे. तो देश लढाईत होता. दोन्ही देशांची नावं मी इथे घेत नाही, त्या घरात ती कोणी घेत नसे. आबा एकाला 'ह्ये' म्हणायचे आणि दुसऱ्याला 'त्ये'. त्या लढाईत शहरंच्या शहरं जमीनदोस्त झाली, आणखी कितीतरी देश ओढले गेले, आणि एका हिवाळ्यात लढाई त्या कँटीनवरून पुढे सरकली. त्यानंतर संदीपचा पत्ता नाही. मेलेल्यांत त्याचं नाव नव्हतं आणि पकडलेल्यांतही नव्हतं. मावशींच्या मोबाइलवर त्याचा शेवटचा निरोप होता, मागे भांडी घासल्याचा आवाज. "आई, हितं लय थंडी हाय. रोज डाळ करतो, कुणालाच आवडत न्हाई." मी संध्याकाळी जाऊन बसले की मावशी तो एकदा लावायच्या आणि मग आम्ही पालेभाजी निवडायचो.

आबांनी कचेऱ्या पालथ्या घातल्या. सगळीकडे एकच उत्तर मिळालं. युद्ध आता थांबलंय, तहाची बोलणी सुरू होतायत, हरवलेल्या माणसांचा विषय त्यात निघेल. दुसरा कोणी असता तर या उत्तराने खचला असता. आबा ताठ होऊन घरी आले. "बोलणी व्हय? मग ठीक हाय. बोलणी आपल्याला कळत्यात."

त्या दिवसापासून आमच्या अंगणात तहाची बोलणी बसायला लागली. मध्ये एक स्टूल, भोवती तीन खुर्च्या. मावशींचे भाऊ तिकोणा पेठेला असायचे, ते येऊन-जाऊन असत. त्यांना मामा म्हणायचं. मामा म्हणजे 'ह्ये'. मी म्हणजे 'त्ये'. आणि आबा हरवलेल्यांच्या वतीने. मी शाळेतून आले की आधी मोबाइलवर त्या दिवशी तिकडे काय झालं ते वाचायचं, आणि मग आम्ही तेच पुन्हा आमच्या पद्धतीने बोलायचं. मावशी चहाचा ट्रे आणून उंबऱ्यावर ठेवायच्या आणि आत जायच्या. ट्रे उचलून आणायचं काम माझं.

पहिल्याच दिवशी मी चूक केली. आबांनी हरवलेल्यांचं कलम काढलं तर मी म्हटलं, "घ्या आबा, तुमची सगळी माणसं परत." मला वाटलं म्हाताऱ्याला बरं वाटेल. ते एवढे भडकले की चहा सांडला. "आसं फुकट दिऊ नका, बाई! फुकट दिल्यालं टिकत न्हाई. आडवा मला. नाडा." मग मीही पदर खोचला. बंदरं मागितली, रेल्वे मागितली, नदीवरचं धरण मागितलं. एका संध्याकाळी मी इतकं ताणून धरलं की आबांनी मामांच्या देशाचं एक अख्खं बंदर मला देऊन टाकलं. मामा तोंडातला घोट गिळून ओरडले, "ओ दाजी, बंदर आमचं हाय!" आम्ही हसलो. आबाही हसले. संदीप बेपत्ता झाल्यापासून त्या घरात मोठ्याने हसलेलं मी ते एकदाच ऐकलं, आणि लगेच तिघांचीही नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली.

तिकडचे फोटो मी दाखवायचे. केवढं तरी लांब, चकचकीत टेबल. आबा मोबाइल नाकापाशी धरून बघायचे. "ह्येंच्यात च्या कुटं हाय? नुसत्या पाण्याच्या बाटल्या. आसं कसं मिटायचं?" पण मिटत होतं. हळूहळू एकेक कलम पुढे सरकत होतं. सीमा ठरली, बंदरं वाटली गेली, तेलाची वाहिनी कोणाच्या ताब्यात ते ठरलं. हरवलेल्या माणसांचा विषय मात्र दर वेळी पुढे ढकललेला. मला ते वाचून सांगायला नको वाटायचं. आबा मांडीवर थाप मारायचे. "बगा! शेवटी ठिवलंय. म्हंजी कुणाच्या तरी जिवाचं हाय." आणि दाराकडे तोंड करून, "आगं, शेवटी ठिवलंय बरं का!" आतून भांड्यांचा आवाज यायचा.

मी मुलांकडून तहांची कलमं पाठ करून घेते. स्वयंपाक्याचं कलम मला कुठल्या तहात भेटलेलं नव्हतं. पण मी गप्प बसायचे, कारण त्या आशेवर तो माणूस दोन घास खात होता.

मामा कधीतरी वेगळा विषय काढायचे. "दाजी, किती दिस आसं लोंबकळायचं? भावकी इचारती. पोराचे दिवस घालून मोकळं व्हावा." आबा तेवढ्याच बारीक आवाजात सांगायचे, "बोलणी चालू असताना आसलं काय करायचं न्हाई."

एकदा मात्र, मामा नव्हते तेव्हा, त्यांनी मला त्यांच्या कारखान्यातल्या शेवटच्या कराराची हकीकत सांगितली. कायम कामगारांच्या बरोबरीने ठेकेदाराची माणसं तिथे वर्षानुवर्षं राबत होती. त्यांना कायम करून घ्या, हे कलम आबांनी शेवटी ठेवलेलं. जिवाचं होतं म्हणूनच. टाळेबंदी फार लांबली. सगळे मेटाकुटीला आले. बाकीचं सगळं साहेबाने मान्य केलं आणि या एका कलमाशी येऊन म्हणाला, ह्याला एक कमिटी नेमू. आबा अडून बसले तर त्यांचीच माणसं कानाशी लागली, सही करा, दिवाळी तोंडावर आलीय. त्यांनी सही केली.

"भायेर आलो तर ठेक्याचीच पोरं म्होरं. गुलाल घिऊन. मला खांद्यावर घेतलं. येक जण खालनं इचारतोय, आमचं काय झालं? म्या म्हणलं, कमिटी नेमलीय. तर त्यो मागं वळून वराडला, कमिटी नेमलीय रं! आन सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कमिटी कंदी बसलीच न्हाई, बाई. त्येंची खुर्चीच नव्हती ना आत."

मला त्यांची दया आली आणि भीतीही वाटली. मी न राहवून विचारलं, "मग आबा, तिकडेही तसंच झालं तर?"

"न्हाई वं. आमी अडाणी, दमल्यालो. तितं शिकली-सवरल्याली मोठी माणसं हायती. आमी केलं त्ये त्ये कशाला करत्याल?" हे बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

तहावर सह्या झाल्या त्या दिवशी मी शाळेतून लवकर निघाले. घाटातून धुकं वर आलेलं होतं, रस्त्याकडेच्या दुकानांत दिवसाच दिवे लागले होते. मामा येऊन बसले होते. घरात, अंगणातून दिसेल असा, टीव्ही चालू होता, आवाज बंद केलेला. सगळं इंग्रजीत होतं, म्हणून मी मोबाइलवरून एकेक कलम मराठी करून सांगायला लागले. आबांनी डोळे मिटले, मान तिरकी केली. सीमा. बंदरं. वाहिनी. पडलेली शहरं कोण बांधणार. मग कैदी आणि हरवलेले. "दोन्ही देशांचे सैनिक आणि दोन्ही देशांचे नागरिक यांची अदलाबदल व शोध," मी म्हटलं आणि थांबले.

"म्होरं?"

"इतर देशांच्या माणसांच्या प्रश्नासाठी समिती नेमण्यात येईल."

"कमिटी?"

"हो."

"म्होरं वाचा."

"संपलं, आबा. हे शेवटचंच होतं."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. मामा आपले चांगल्या मनाने म्हणाले, "समिती नेमली म्हंजी चांगलंच की, दाजी." टीव्हीवर लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

तेवढ्यात मावशी बाहेर आल्या. हातात ट्रे नव्हता, एकच कप होता. त्या उंबऱ्यावर थांबल्या नाहीत. पायऱ्या उतरून स्टुलापाशी आल्या आणि कप आबांच्या पुढ्यात ठेवला. सगळ्यात आधी आबांना. आबांनी डोळे उघडले, कपाकडे बघितलं, मग बायकोकडे. पहिला चहा कोणाला देतात हे त्यांच्याएवढं कोणाला माहीत असणार? मावशी उभ्या होत्या. आबा इकडे-तिकडे बघायला लागले. त्यांची खुर्ची, माझी खुर्ची, मामांची खुर्ची. इतके महिने आम्ही तिथे बसत होतो आणि चौथी खुर्ची कधी मांडलीच नव्हती. मांडवभर खुर्च्या बघत फिरणाऱ्या माणसाला ते आत्ता दिसलं. मलाही आत्ताच दिसलं, आणि मला माझीच लाज वाटली.

आबा उठले आणि स्वतःची खुर्ची त्यांनी पुढे सरकवली. मावशी बसल्या.

"आता मला वाचून दावा. बाईंनी न्हाई. तुमी."

मोबाइलवरचं इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. पण एकदा कानावर पडलेलं कलम ते विसरत नसत. उभ्याने, डोळे उघडे ठेवून, बायकोच्या तोंडाकडे बघत त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं म्हणून दाखवलं. सीमा, बंदरं, वाहिनी, काही गाळलं नाही. 'कमिटी' या शब्दाशी अडखळले, पण तोही म्हटला.

"म्हंजी आपला संदीप कुणाचाच न्हाई," मावशी म्हणाल्या.

"न्हाई."

"मग आता माजं येक ऐका. ह्या घरात त्यो गेला आसं कुणी म्हणायचं न्हाई. आन येनार हाय आसंबी कुणी म्हणायचं न्हाई. मला दोन्ही ऐकवत न्हाई."

मी आबांना ओळखत होते. ते आता अर्धं मागतील, मुदत मागतील, निदान येण्याची बाजू तरी राखून ठेवतील असं मला वाटलं. बाहेर रस्त्यावरून सहलीची एक बस गाणी वाजवत गेली.

"मान्य," आबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "बाई, मोठ्यानं म्हणा काय ठरलं."

मी मावशींचीच दोन वाक्यं म्हटली. मोबाइलच्या पडद्याकडे बघत, भराभर.

"परत," मावशी म्हणाल्या. मी परत म्हटली. मग आबांनी उभ्यानेच तो गार झालेला चहा प्यायला.

अंगणातली बैठक त्या दिवशी उठली ती कायमची. दोघांनी ठरलेलं पाळलं. भावकीतलं कोणी 'बिचारा संदीप' म्हणायला लागलं की आबा उठून पाण्याची मोटर लावायला जायचे. आणि शेजारच्या बाईने 'येईल हो एक दिवस' म्हटलं तरी तसेच उठून जायचे. मावशींनी मोबाइलवरचा तो निरोप पुसला नाही, पण माझ्यासमोर पुन्हा लावला नाही. माकडं खालच्या फांद्यांवरचेही पेरू न्यायला लागली. मी सांगायला गेले तर आबा म्हणाले, "खाऊ द्या." पुढे एका लग्नाला आम्ही बरोबर गेलो. मांडवात शिरल्याबरोबर समोर जी खुर्ची दिसली तिच्यावर ते बसून राहिले, अक्षता पडेपर्यंत. वाजंत्री मागे उभे होते. त्या लग्नातलं मला दुसरं काहीच आठवत नाही.

नंतर मी लोणावळ्यात शाळेजवळ राहायला गेले. जाणं-येणं कमी झालं, तरी सणावाराला मी कुरवंड्याला जायचे. गेल्या थंडीत आबा गेले. दुखणं फार नव्हतं. माणूस आतून दमला की त्याला जायला दुखणं लागत नाही, असं मला त्यांच्याकडे बघून वाटलं.

त्यांच्या दहाव्याला मी नदीवर गेले होते. भावकी जमली होती. मावशी चटईवर बसल्या होत्या. मी गेल्यावर त्यांनी थोडं सरकून मला जागा करून दिली. विधी सुरू व्हायच्या आधी मामा आणि भावकीतले दोघे-तिघे वडीलधारे गुरुजींपाशी काहीतरी बोलले आणि मग मामा मावशींसमोर येऊन उकिडवे बसले. त्यांचे डोळे रडून सुजलेले होते. त्या माणसाच्या मनात वाईट काही नव्हतं.

"आक्का, गुरुजी आल्यातच. संदीपचंबी नाव घिऊन टाकू. बापलेकाचं येकदमच हुईल."

"न्हाई."

"आगं, किती दिस? आता तर दाजीबी न्हाईत."

"आमचं ठरलंय," मावशी म्हणाल्या.

मामांनी मान खाली घातली. ते त्या दिवशी अंगणात होते. पण मागून कोणीतरी विचारलं, "काय ठरलंय? कवा?"

मावशींनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी डोळे मिटले आणि मान थोडी तिरकी केली.

"बाई," म्हणाल्या, "मोठ्यानं म्हणा."

सगळे माझ्याकडे वळले. आणि मी तिथे नदीकाठी, सगळ्या भावकीसमोर, ती दोन वाक्यं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली.